धूरपट्टी

आमच्या गावात पापड उघड्यावर वाळत घालीत नाहीत. चैत्र-वैशाखात उभ्या महाराष्ट्राच्या गच्च्या पापड-कुरडयांनी भरून जातात, तेव्हा इकडे वर्धा नदीच्या खोऱ्यात, कोळशाच्या पट्ट्यात, बायका आधी वर एक जुनी साडी ताणून बांधतात आणि मग तिच्याखाली खाट मांडतात. साडी नसली तर संध्याकाळपर्यंत उडदाच्या पापडाला नाचणीच्या पापडाचा रंग येतो. मी या भागात नोकरीला आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात दोरीवरचा पांढरा सदरा झटकला आणि त्यातून काळी भुकटी उडाली. घरमालकीणबाई ओसरीवरून शांतपणे म्हणाल्या, "सर, इथं पांढरं नाही चालत जी."

त्या भुकटीबद्दल माझी आता तक्रार राहिलेली नाही. यंदाच्या दिवाळीत मुंबई-पुण्याच्या आकाशकंदिलांत जो दिवा लागेल, त्यातला थोडासा उजेड आमच्या या भुकटीतूनच आलेला असेल. सांगायचे आहे ते निराळेच.

गेल्या वर्षी बी. ए.च्या पहिल्या वर्गाला मी निबंधासाठी विषय दिला, 'धूर'. हेतू साधा होता. चुलीचा धूर, होमाचा धूर, उदबत्तीचा धूर असे काहीतरी मुले लिहितील आणि मला त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढता येतील. (धू दीर्घ, हे निम्म्या वर्गाला अजून पटलेले नाही.) मुलांनी तसेच लिहिले. एका मुलीने मात्र वेगळे लिहिले. तिचे वडील उघड्या खाणीत डंपर चालवतात. तिने पापडावरची साडी, आजीचा खोकला, पहाटे घरी येणारे वडील असे सगळे लिहून शेवटी विचारले होते की कोळशाला भाव असतो, विजेला भाव असतो, मग धुरालाच भाव का नसतो? मी समासात 'कल्पना चांगली' असा शेरा मारला, दहापैकी सात गुण दिले आणि गठ्ठा बाजूला ठेवला. चार दिवसांनी स्टाफरूममध्ये अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांना ही गोष्ट गमतीने सांगितली, तर ते हसले नाहीत. म्हणाले, "अहो, तुमच्या त्या पोरीने पिगू विचारला! सातच गुण दिलेत?"

मी पडलो मराठीचा मास्तर. पिगू हा पक्षी आहे की पदार्थ, हेही मला ठाऊक नव्हते. पण मास्तराला अज्ञान कबूल करणे जड जाते; म्हणून मी मान डोलावली आणि त्या संध्याकाळपासून वाचायला लागलो. दिवाळीच्या अंकात पट्ट्यांविषयी आणि करांविषयी लिहिणे अरसिकपणाचे आहे हे मला कळते. पण वाचकांनी थोडा धीर धरावा. ही गोष्ट करांची आहे तशी माणसांचीही आहे.

ऑर्थर सेसिल पिगू हा इंग्रज गृहस्थ. १९०८ साली, अवघ्या तिसाव्या वर्षी, तो केंब्रिजला अर्थशास्त्राचा मुख्य प्राध्यापक झाला. १९२० साली त्याने लोककल्याणाच्या अर्थशास्त्रावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात एक उदाहरण आहे, रेल्वेच्या इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांचे. ठिणग्या रुळांलगतच्या रानात पडतात आणि झाडे जळतात. रेल्वेच्या जमाखर्चात कोळसा आहे, पगार आहे, तेल-वंगण आहे. जळलेले रान मात्र कुठेच नाही. ते रानाच्या मालकाच्या खात्यात पडते. पिगूचे म्हणणे असे, की जे नुकसान करणाऱ्याच्या वहीत उतरत नाही ते त्याच्या वहीत उतरवावे आणि त्याचा सोपा मार्ग म्हणजे त्या नुकसानीएवढा कर. मग रेल्वेवाला इंजिनाला जाळी बसवील, चांगला कोळसा घेईल किंवा फेऱ्या कमी करील. काय करायचे ते त्याचे त्याने ठरवावे. सरकारने त्याच्या कारखान्यात शिरून हे कर आणि ते करू नको असे सांगत बसू नये.

कल्पना एवढीच. आमच्या विद्यार्थिनीने एका ओळीत लिहिली होती तीच.

आपल्या मराठी माणसाला पट्ट्यांचे नवल नसावे. पेशवाईतल्या दफ्तरांत घरपट्टी आहे, म्हैसपट्टी आहे, कारागिरांवरचा मोहतर्फा आहे, लग्न लागले तर लग्नटका आणि विधवेने पाट लावला तर पाटदाम आहे. म्हशीपासून बोहल्यापर्यंत सगळ्यांवर नजर असणाऱ्या त्या कारभाऱ्यांच्या तावडीतून धूर मात्र सुटलेला दिसतो. विलायतेत तो पुरता सुटला नाही. १६६२ साली दुसऱ्या चार्ल्सच्या राज्यात दर चुलाण्यामागे वर्षाला दोन शिलिंग अशी पट्टी बसली. लोकांनी काय करावे? चुलाणी विटांनी बुजवली. ऑक्सफर्डशायरमधल्या एका गावी कुणा भट्टीवालीने स्वतःचे धुराडे वाचवण्यासाठी शेजाऱ्याच्या धुराड्यात भोक पाडले आणि १६८४ साली त्यातून लागलेल्या आगीत वीसेक घरे गेली, असे सांगतात. १६८९ साली ती पट्टी रद्द झाली. पण ती पट्टी चुलीवर होती, धुरावर नव्हती. श्रीमंताच्या आणि गरिबाच्या चुलीला एकच दर. आजची धूरपट्टी वेगळी आहे. ती जळणाऱ्या कोळशातून, तेलातून, वायूतून जेवढा कर्बवायू निघेल तेवढ्यावर वजनाने बसते.

इथे एक खुलासा करायला हवा, नाहीतर विज्ञानाचे सहकारी मला कॉलेजात फिरू देणार नाहीत. आमच्या पापडांवर पडते ती भुकटी आणि राख. ती दिसते, पुसता येते. कर्बवायू, म्हणजे कार्बन डायॉक्साइड, दिसत नाही, त्याला वास नाही, त्याने सदरा काळा होत नाही. तो वर जाऊन पृथ्वीभोवती गोधडीसारखा पसरतो आणि ऊब अडवून धरतो. हवाई बेटांतल्या मौना लोआ डोंगरावर १९५८ साली त्याची नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५च्या आसपास भरला. आज तो ४२०च्या वर गेला आहे. पिगूच्या रेल्वेची ठिणगी निदान शेजारच्या रानात पडत होती. या ठिणगीचे रान म्हणजे सगळी पृथ्वी, आणि जळणाऱ्या झाडांचे मालक अजून जन्मायचे आहेत.

आणि वजनाची गंमत पाहा. एक लिटर पेट्रोल भरते पाऊण किलोच्या आसपास; पण ते जळले की सव्वादोन किलोंहून अधिक कर्बवायू निघतो. हे कसे? मीही दोनदा विचारले. पेट्रोलातला कर्ब जळताना हवेतला प्राणवायू पाठीवर घेतो आणि ते वजन त्याचे. म्हणजे पट्टीचा हिशेब सोपा झाला. टनाला दहा डॉलर पट्टी असेल तर पेट्रोलच्या लिटरला ती साधारण सव्वादोन-अडीच सेंट पडते. नळीला मीटर लावायला नको, धुराड्यावर शिपाई बसवायला नको; जळण विकणाऱ्याकडूनच वसूल केली की झाले.

हा हिशेब कुठल्या तरी राज्यकर्त्याने हिमतीने करून पाहिला का? पाहिला. पहिला मान फिनलंडचा, १९९० सालचा. पाठोपाठ १९९१ साली स्वीडन आणि नॉर्वे. स्वीडनने टनाला २५० क्रोनरपासून सुरुवात करून पुढे ११००च्या पलीकडे मजल मारली आणि पट्टी बसवताना त्याच वेळी मिळकतीवरचा कर उतरवला. तिथे गावाला ऊब पुरवणाऱ्या मोठ्या भट्ट्या असतात. त्यांनी तेल सोडून जंगलातला काटकी-भुसा जाळायला घेतला. १९९० ते २०१७ या काळात त्या देशाचा धूर सुमारे चौथ्या हिश्शाने उतरला आणि उत्पन्न तीन-चतुर्थांशाहून अधिक वाढले. सगळे श्रेय पट्टीचे नव्हे. पण पट्टीने देश बुडाला नाही एवढे तरी खरे. मात्र स्वीडनची गोष्ट फार गुळगुळीत आहे. ती वाचताना मला शाळेतल्या पहिल्या नंबरच्या मुलाची आठवण होते. त्यापेक्षा कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाची गोष्ट माणसांची वाटते. तिच्यात रुसवे आहेत, शब्द फिरवणे आहे आणि शेवटी मोडलेले लग्नही आहे.

ब्रिटिश कोलंबिया हा कॅनडाचा पश्चिम टोकाचा प्रांत. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या तिप्पट आणि २००८ साली वस्ती जेमतेम चव्वेचाळीस लाखांच्या आतबाहेर. डोंगर, पाइनची रानेच राने. या रानांत तांदळाच्या दाण्याएवढा एक काळा भुंगेरा असतो. तो सालीखाली शिरून झाड मारतो. पूर्वी हिवाळ्यात पारा शून्याखाली पस्तीस-चाळीस अंशांपर्यंत उतरे आणि त्याच्या अळ्या मरत. नव्वदीनंतर हिवाळे सौम्य झाले आणि भुंगेरा माजला. प्रांतातल्या विकाऊ पाइनपैकी निम्म्याहून अधिक लाकूड त्याने मारले. हिरवे डोंगर आधी तांबडे आणि मग करडे झाले. लाकडावर जगणाऱ्या लोकांना हवामान बदलते म्हणजे काय हे कुणी व्याख्यान देऊन सांगायला नको होते. त्यांना ते खिडकीतून दिसत होते.

तिथला मुख्यमंत्री गॉर्डन कॅम्बेल. हा काही डाव्या विचारांचा माणूस नव्हे. व्यापारी-उद्योजकांच्या पाठिंब्यावर निवडून आलेला. फेब्रुवारी २००८च्या अंदाजपत्रकात त्याच्या अर्थमंत्री कॅरोल टेलर यांनी धूरपट्टी जाहीर केली. दर टनाला दहा डॉलर, दरवर्षी पाच डॉलरांनी वाढत २०१२ साली तीस. आणि या पट्टीतून येणारा एक-एक डॉलर लोकांना परत; मिळकतीवरचे कर उतरवून, धंद्यावरचे कर उतरवून आणि गरिबांच्या हातात थेट रक्कम देऊन. हे परत देणे कायद्यात लिहिले होते. अर्थमंत्र्याने दरवर्षी हिशेब मांडायचा आणि त्यात कसूर झाली तर त्याच्याच पगाराला कात्री. आमच्याकडे कुणी असा कायदा सुचवील तर त्याला आधी वैद्याकडे नेतील.

जूनमध्ये प्रत्येक रहिवाशाला शंभर-शंभर डॉलर वाटले आणि १ जुलै २००८ला पट्टी सुरू झाली. मुहूर्त मात्र साधला नाही. त्याच महिन्यात जगात खनिज तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरवर गेला. लोक आधीच पंपावर दातओठ खात होते. त्यांना ही अडीच सेंटांची पट्टीच सगळ्या महागाईची आई वाटली. विरोधात बसलेल्या डाव्या पक्षाने 'कुऱ्हाड घाला या करावर' अशी घोषणा काढली. निसर्गाच्या रक्षणाची भाषा करणारा पक्ष पट्टीच्या विरोधात आणि धंदेवाल्यांचा पक्ष पट्टीच्या बाजूला! आपल्याकडच्या तमाशातही वगाच्या मध्येच राजा आणि हवालदार असे पोशाख बदलत नाहीत. २००९च्या निवडणुकीत कॅम्बेल तरीही निवडून आला. पुढे त्याची खुर्ची गेली ती वेगळ्याच, वस्तूंवरच्या एका विक्रीकराच्या रागात. धूरपट्टी मागे उरली.

मग परिणाम काय झाला? इथे मला माझ्या सहकाऱ्यांनी बजावून ठेवले आहे की हुरळून जाऊ नका. प्रांताचा व्यापार बसला नाही. उरलेल्या कॅनडाच्या मागे तो पडला नाही. धुराविषयी नंतर ज्यांनी निरनिराळे अभ्यास एकत्र करून पाहिले त्यांचा निष्कर्ष असा, की पट्टी नसती तर जेवढा धूर झाला असता त्यापेक्षा तो शेकडा ५ ते १५नी कमी झाला. 'नसती तर' हे शब्द महत्त्वाचे. वस्ती वाढली, गाड्या वाढल्या आणि प्रांताच्या एकूण धुराचा आकडा पुढच्या दहा वर्षांत फारसा हलला नाही. २०१२ साली तीस डॉलरवर पोहोचलेली पट्टी तिथेच थिजवली गेली, ती २०१८पर्यंत. औषधाचा गुण येऊ लागला की मात्रा वाढवायची सोडून बाटली फडताळात ठेवण्यासारखेच ते.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. या प्रांताची वीज बहुतेक सगळी धबधब्यांची आणि धरणांची. म्हणजे पट्टी बसली ती मोटारीच्या पेट्रोलवर आणि घर उबदार ठेवणाऱ्या वायूवर. विजेच्या दिव्यावर नाही. आपल्या देशात विजेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कोळशातून येतो. कॅम्बेलला रात्री दिवा लावणाऱ्या म्हातारीची समजूत काढावी लागली नाही. आपल्याकडच्याला तिच्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

उत्तरेकडच्या थंड गावांतले लोक म्हणत, आम्हांला ना शहरातल्यासारखी आगगाडी ना बस. आम्ही गाडी चालवायची नाही तर काय स्लेजला कुत्रे जुंपायचे? त्यांच्यासाठी २०११पासून घरमालकाला वर्षाला दोनशे डॉलरपर्यंत सूट आली. काचघरांत टोमॅटो पिकवणारे तर कात्रीत सापडले. ते हिवाळ्यात काचघर तापवायला वायू जाळतात आणि निघालेला कर्बवायू पुन्हा रोपांनाच खाऊ घालतात, कारण रोपांचे ते अन्नच. त्यांच्यावर पट्टी आणि मेक्सिकोहून, कॅलिफोर्नियाहून येणाऱ्या टोमॅटोवर काही नाही! २०१२पासून त्यांना सवलत द्यावी लागली. सिमेंटवाल्यांची ओरड तीच. प्रांतातल्या सिमेंटला पट्टी आणि बाहेरून जहाजाने आलेल्या सिमेंटला नाही. बाहेरच्या सिमेंटचा बाजारातला वाटा वाढला. धूर तेवढाच, फक्त निघाला दुसऱ्याच्या अंगणात.

शेवटचा अंक मला फोनवर कळला. माझा एक जुना विद्यार्थी व्हँकूव्हरजवळ राहतो. दिवाळीला आणि गुरुपौर्णिमेला न चुकता फोन करतो. मधल्या काळात तिथे बरेच बदलले होते. तोच डावा पक्ष २०१७ साली सत्तेवर आला. त्याने पट्टी पुन्हा वाढती केली आणि 'एक-एक डॉलर परत' ही अट काढून टाकली. २०२४ साली पट्टी टनाला ऐंशी डॉलर झाली, म्हणजे पेट्रोलच्या लिटरला सतराहून थोडे अधिक सेंट. २०१९पासून कॅनडाच्या मध्यवर्ती सरकारनेही, ज्या प्रांतांत अशी सोय नव्हती तिथे, आपली धूरपट्टी लावली होती. ती मात्र दर तिमाहीला घरोघर परत जात होती. बँकेच्या खात्यात गुपचूप जमा होई आणि पुष्कळांना ती कशाची रक्कम हे ठाऊकच नसे. पंपावरचा आकडा मात्र प्रत्येकाला दिसे. महागाई वाढली, विरोधी पक्षाने जुनी कुऱ्हाड पुन्हा परजली, आणि मार्च २०२५मध्ये पंतप्रधान झालेल्या मार्क कार्नी यांनी पहिल्याच दिवशी ग्राहकांवरची पट्टी शून्य करण्याचा हुकूम काढला. १ एप्रिल २०२५ला ती कॅनडाभर उठली. ब्रिटिश कोलंबियातही त्याच दिवशी, ज्या पक्षाने ती वाढवली होती त्याच्याच हातून. मोठ्या कारखान्यांवरची तेवढी राहिली.

"सर, त्या दिवशी पंपावर रांगा लागल्या होत्या," माझा विद्यार्थी सांगत होता. "लोक भावाच्या पाटीचे फोटो काढत होते."

"आणि परत मिळणारे पैसे?"

"तेही थांबले. पण त्याचा फोटो कसा काढणार?"

मला वाटते, या साऱ्या पट्टीशास्त्रातली मेख इथे आहे. घेतलेला पैसा रोज दिसतो, दिलेला विसरला जातो. फ्रान्समध्ये २०१८च्या नोव्हेंबरात पिवळी जाकिटे घातलेले लोक चौकाचौकांत उभे राहिले. इंधनावरची पट्टी वाढत होती आणि ती आपल्याला परत मिळते आहे असे खेड्यातल्या मोटारवाल्याला कुठेच दिसत नव्हते. २०१९ची वाढ सरकारला सोडून द्यावी लागली. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१२ला टनाला तेवीस डॉलरांची पट्टी लावली आणि दोनच वर्षांत, जुलै २०१४मध्ये, ती रद्द केली.

आता आपल्या दाराशी येऊ. सिमेंटची जी गोष्ट ब्रिटिश कोलंबियात झाली ती युरोपनेही पाहिली होती. म्हणून युरोपीय संघाने वेशीवर नाका बसवला. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज बाहेरून आली तर ती करताना किती धूर झाला ते सांगा. ऑक्टोबर २०२३पासून नुसते सांगायचे होते. १ जानेवारी २०२६पासून भरायचेही आहे. आपल्या मुंबईची जकात २०१७च्या जुलैत उठली तेव्हा नाक्यावर ट्रकवाल्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता. आता भारतातले पोलाद ब्रुसेल्सच्या नाक्यावर उभे राहणार! नाकेदाराचा एक नियम मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे: माल जिथे झाला तिथेच धुराचे दाम भरले असतील तर तेवढी वजावट मिळते. म्हणजे पैसे द्यायचेच तर परक्याच्या तिजोरीत का, असा प्रश्न आपोआप उभा राहतो. कॅनडातला माणूस वर्षाला चौदा टनांच्या आसपास धूर करतो, आपल्याकडचा दोन टनांच्या आसपास. मग त्याने आपल्याला नाका दाखवावा का, हा राग खरा आहे आणि मलाही तो येतो. पण रागावर वजावट मिळत नाही.

आणि पट्टी आपल्याकडे नव्हती असेही नाही. १ जुलै २०१०पासून आपण दगडी कोळशाच्या दर टनाला पन्नास रुपये घेत होतो, प्रणव मुखर्जी अर्थमंत्री असताना सुरू केलेले. २०१४ला ते शंभर झाले, २०१५ला दोनशे, २०१६ला चारशे. एक टन कोळशातून दीड टनाहून थोडा अधिक कर्बवायू निघतो असे धरले तर ही पट्टी धुराच्या टनाला अडीचशे रुपयांच्या आसपास जाते. विजेच्या युनिटामागे पंचवीस-तीस पैसे. नावे मात्र सात्त्विक: आधी स्वच्छ ऊर्जा उपकर, मग स्वच्छ पर्यावरण उपकर. या पैशांतून स्वच्छ ऊर्जेचा निधी उभारायचा होता. २०१७च्या जुलैत नवी करपद्धती आली. चारशे रुपये तसेच राहिले, पण राज्यांची तूट भरून देण्यासाठी. २२ सप्टेंबर २०२५ला तेही उठले आणि कोळशावरचा कर शेकडा ५वरून १८वर गेला.

माझ्यासारख्या गणितात कच्च्या माणसानेही इथे पेन्सिल हातात घ्यावी. चारशे रुपये वजनावर होते. शेकडा अठरा किमतीवर आहे. टनाला हजार-दीड हजारांच्या, राखेने भरलेल्या कोळशावरचा बोजा त्यामुळे उतरला. तीन हजारांच्या वरच्या, कमी राखेच्या कोळशावरचा चढला. म्हणजे ती पट्टी आता धुराची राहिली नाही, भावाची झाली. वीज थोडी स्वस्त पडेल हा त्यातला फायदा आणि तो मी नाकारीत नाही. माझ्याही घरी मीटर आहे.

हे सगळे मी यंदाच्या पावसाळ्यात आमच्या वाङ्मय मंडळात सांगितले. ('वाङ्मय मंडळात कोळसा?' असे प्राचार्यांनी विचारले. मी म्हटले, काळा रंग हाही नवरसांच्या जवळचाच.) ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. व्याख्यान संपल्यावर ती स्टाफरूमच्या दाराशी आली आणि म्हणाली, "सर, तिकडं शंभर डॉलर हातात दिले. आमच्या इथल्या कोळशाचे चारशे-चारशे घेतले, त्यातले इकडे किती आले?"

मी तिला बसवले आणि सापडले ते आकडे पुढे ठेवले. २०१०पासून २०१७-१८पर्यंत या उपकरातून सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमले. त्या निधीत वळते झाले सुमारे २९ हजार कोटी. प्रत्यक्ष खर्च पडले सुमारे १६ हजार कोटी. खाणीच्या जिल्ह्यांसाठी २०१५पासून खनिज प्रतिष्ठान आहे, त्यातून शाळा, दवाखाने, पाणी अशी कामे होतात; पण तो पैसा खाणवाल्याच्या स्वामित्वधनाबरोबर येतो, धूरपट्टीतून नव्हे. तिने आकडे वहीत उतरवून घेतले, एकाखाली एक, आणि वजाबाकी मांडली. मग वही मिटली.

"बाबांना दाखवते," ती म्हणाली. "ते वेगळंच विचारत होते. पट्टी खूप वाढली तर खाण बंद होईल का, आणि झाली तर डंपरवाल्यांचं काय, असं."

पिगूच्या रेल्वेत इंजिनवाला होता आणि रानाचा मालक होता. एकाच घरात खोकणारी आजी आणि डंपर चालवणारा बाप, असे उदाहरण त्याने घेतलेले नाही. मी तिला म्हटले, यावर तूच लिही, या वेळी गुणांचे बघू. ती हसली आणि ग्रंथालयात पिगू आहे का ते बघायला गेली. नव्हता. मागवायला सांगितला आहे.